वन्संची तीन टिंबं

वन्संना विचारूनच हे लिहिते आहे. वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद, माझ्या यजमानांची सगळ्यात लहान बहीण. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावले, "लहान असली तरी नणंद आहे. अहोजाहो करायचं." दहा वर्षांच्या मुलीला "वन्सं, तुमचे केस विंचरून देऊ का?" असे विचारताना मला हसू आवरायचे नाही. पुढे हसू गेले आणि सवय राहिली. आज मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, त्या त्रेसष्टच्या, आणि अजूनही आम्ही एकमेकींना तुम्ही म्हणतो, भांडतानासुद्धा.

"तुमच्याबद्दल लिहू का?" असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "लिहा की. पण तुमचा भाग गाळायचा नाही."

माझा भाग गाळता आला असता तर फार बरे झाले असते.

वन्संनी जन्मभर दुसऱ्यांचे बोलणे जोडून दिले. एकोणिसाव्या वर्षी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागल्या. लांबलचक सभागृह, भिंतीला लागून फळ्या, फळ्यांना शेकडो भोके, आणि समोर उंच स्टुलांवर कानांना हेडफोन लावलेल्या तीस-पस्तीस बायका. इकडची दोरी तिकडच्या भोकात घातली की दोन गावे बोलू लागत. लांबच्या गावाचा कॉल तीन मिनिटांचा असे. वेळ झाली की ऑपरेटरने मध्ये बोलून विचारायचे, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" वन्सं सांगायच्या, माणसे पावणेतीन मिनिटे हवापाण्याचे बोलतात, आणि ज्यासाठी फोन लावलेला असतो ते शेवटच्या दहा सेकंदांत निघते. तेही पुरे निघत नाही. "बाकी सगळं ठीक... ते आपलं... बरं, ठेवतो मग." एवढ्यात सगळे आले, असे त्यांचे म्हणणे. मी म्हणायची, एवढ्यात काहीच आले नाही.

लग्नाचा विषय निघाला की त्या "सध्या लाइन बिझी आहे" म्हणून उठायच्या. लाइन कधी मोकळी झाली नाही. एक्स्चेंज बंद पडल्यावर त्या एका इस्पितळाच्या फोनवर बसल्या, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्या. त्याच वर्षी हे गेले. मग वन्सं आपली एक पेटी आणि एक रेडिओ घेऊन माझ्याकडे राहायला आल्या. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मध्ये एक जेवणाचे टेबल. आमचे बरे चालले होते.

तीन वर्षांनी एका सकाळी त्यांनी वर्तमानपत्राची घडी माझ्यापुढे सरकवली. विद्यापीठात कथापटाची पटकथा लिहायला शिकवणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. वयाची अट नव्हती.

"हे कुणासाठी?" मी विचारले.

"माझ्यासाठी."

"या वयात सिनेमा?"

"सिनेमा नाही वहिनी, नुसती पटकथा. सिनेमा पुढच्या वयात."

मला वाटले, चार दिवसांची हौस आहे. पण त्यांनी अर्ज भरला, मुलाखतीला गेल्या आणि निवडून आल्या. मुलाखतीत विचारले, तुम्हाला का लिहायचे आहे? वन्सं म्हणाल्या, "एकोणचाळीस वर्षं लोकांचं ऐकलं. मध्ये बोलायची परवानगी नव्हती."

चौदाजणांचा वर्ग होता, बाकी तेरा विशी-तिशीतले. त्यांनी वन्संचे नाव 'एक्स्चेंज' ठेवले. वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. सिनेमा दाखवता यावा म्हणून खिडक्यांना काळे कापड, आणि एका बाजूला लिहायची फळी असलेल्या खुर्च्या. त्या फळ्या उजव्या हाताच्या, वन्सं डावखुऱ्या. म्हणून त्या दोन खुर्च्या अडवून बसायच्या आणि मुले म्हणायची, "एक्स्चेंजला दोन लाइनी लागतात." शिकवणारे सर एके काळी सिनेमे लिहीत. त्यांतले दोन पडद्यावर आले होते आणि बाकीचे, त्यांच्याच शब्दांत, कपाटात सुखाने नांदत होते.

वन्सं घरी येऊन जेवताना मला सगळा तास सांगायच्या. एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट. जे दिसत नाही आणि ऐकू येत नाही ते लिहायचे नाही.

"म्हणजे 'तिला अतिशय वाईट वाटले' असं लिहायचं नाही?" मी विचारले.

"नाही. वाईट वाटलेलं दिसत कुठं?"

"मग काय लिहायचं?"

"तिनं चहा गाळला आणि गाळणं हातात धरून तशीच उभी राहिली."

"गाळणं धरून कशाला उभी राहील? थेंब पडतील फरशीवर."

"तेच तर, वहिनी," त्या म्हणाल्या, आणि खूश होऊन भात पुन्हा वाढून घेतला.

एकदा सरांनी सगळ्यांना कुठेतरी अर्धा तास बसून कानावर पडेल ते बोलणे जसेच्या तसे लिहून आणायला सांगितले. वन्सं दाताच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर बसून आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते वर्गात वाचले तेव्हा मुले हसून हसून खुर्च्यांवरून घसरली. सर म्हणाले, "ऐका रे. संवाद याला म्हणतात. कुणीही मुद्द्याचं बोलत नाहीये आणि सगळं कळतंय."

हे त्यांनी मला सांगितले त्या दिवशीची माझी नोंद अशी आहे: "वन्संच्या निबंधाचे वर्गात कौतुक झाले. शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या नाहीत असे दिसते." मी चौदाव्या वर्षापासून रोज रोजनिशी लिहिते. एक दिवस चुकलेला नाही. कॉन्व्हेंटमध्ये निबंधाचे बक्षीस सलग चार वर्षे मला मिळाले होते. आमच्या भाषेच्या सिस्टर लाल पेन्सिल घेऊन बसायच्या आणि वाक्य अर्धवट सोडलेले दिसले की म्हणायच्या, "तीन टिंबं म्हणजे तीन पटीनं आळस. वाक्याला कर्ता दिलास, कर्म दिलंस, मग क्रियापदाची भीती वाटली का?" मी कधी टिंबे दिली नाहीत. आणि इथे 'दिर्घ' शब्दच ऱ्हस्व लिहिणाऱ्या माझ्या नणंदेला विद्यापीठात शाबासकी मिळत होती. मला हेवा वाटला. हा शब्द कागदावर आणायला मला दोन वर्षे लागली. त्या वेळी मी त्याला काळजी म्हणत होते.

पहिल्या वर्षाच्या शेवटी प्रत्येकाने आपल्या कथापटाची पहिली चाळीस पाने द्यायची होती. चौदांतून सहाजणांनाच दुसरे वर्ष मिळणार होते. त्या वर्षात सर एकेकाला समोर बसवून अख्खी पटकथा पुरी करून घेत. बाकीच्यांना एक प्रमाणपत्र आणि रामराम. वन्संना त्या सहांत यायचे होते. त्यांनी आजवर स्वतःसाठी काही मागितल्याचे मला आठवत नाही. ही जागा मात्र त्या मागत होत्या, भाजी चिरतानासुद्धा.

"गोष्ट काय आहे तुमची?" मी एकदा विचारले.

"एका माणसाची नोकरी गेलीये. आणि त्याला ते घरी सांगता येत नाही."

"का येत नाही? तोंड नाही का त्याला?"

"आहे. पण घरात त्याला..."

"...धीर होत नाही. कळलं."

वन्सं हसल्या. "हो. तसंच म्हणा."

त्यांनी तीन महिने एका जाड वहीत शिसपेन्सिलीने लिहिले. पाने टाइप करून द्यायची होती. त्याच आठवड्यात त्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. मोतीबिंदू पिकला होता, तारीख सहा महिन्यांनी मिळाली होती, ती सोडून चालणार नव्हते. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीच अधू, आठ दिवस वाचायचे नाही, वाकायचे नाही. मी लग्नाआधी टायपिस्ट होते. घरातल्या संगणकावर बोटे अजून चालतात. मीच म्हटले, "मी करते की. बसल्या बसल्या होईल."

वही माझ्या हातात देताना वन्संनी ती क्षणभर सोडली नाही. "वहिनी, आहे तसं उतरवा हं. टिंबंसुद्धा."

"बरं बरं," मी म्हणाले.

पहिल्या दुपारी मी खरोखर आहे तसे उतरवले. फक्त ऱ्हस्वदीर्घ सुधारले. त्यात काही पाप नव्हते. पण पानापानावर टिंबे होती. कुणी वाक्य पुरे करत नव्हते. माणूस म्हणे, "मी आज ऑफिसात..." आणि थांबे. मुलगी म्हणे, "बाबा, मला ना परीक्षेला..." आणि थांबे. दुसऱ्या दुपारी मला वाटले, हे परीक्षकांपुढे जाणार. विद्यापीठ आहे, चहाची टपरी नव्हे. लोक म्हणतील, बाईला वाक्यसुद्धा पुरे करता येत नाही. आणि बाई कुणाच्या घरी राहतात, तर माझ्या.

मग मी वाक्ये पुरी करायला लागले. प्रसंग बदलला नाही, माणसे बदलली नाहीत, नवे काही घातले नाही असे मला वाटत होते. जिथे क्रियापद नव्हते तिथे क्रियापद दिले, एवढेच. त्या दिवशीची नोंद माझ्यापुढे आहे: "अकरा पाने झाली. एकशे चार ठिकाणी वाक्ये पूर्ण केली. आता वाचायला नीट वाटते. हात दुखतो, पण समाधान आहे." समाधान आहे, असे मी शाईने लिहिले आहे.

चौथ्या दुपारी काम संपले. वन्सं आरामखुर्चीत पट्टी बांधून बसल्या होत्या. म्हणाल्या, "थोडं वाचून दाखवता? टाइप केलेलं कसं वाटतं ते ऐकू दे."

छापलेले कागद माझ्या मांडीवर होते. मी ते उचलले आणि पहिल्या ओळीवर नजर गेली तेव्हा माझ्या लक्षात आले की हे मोठ्याने वाचता येणार नाही. माझ्या लक्षात आले होते, हे मी लपवत नाही. चूक केलेली नसती तर वाचता आले असते. मी कागद हळूच बाजूला ठेवले, टेबलावरची वही उघडली आणि तिच्यातून चार पाने वाचली, टिंबांपाशी थांबत. वन्सं ऐकत होत्या. त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "छान. दमला असाल तुम्ही."

दुसऱ्या दिवशी मी पाकीट घेऊन बसने विद्यापीठात गेले, कचेरीत दिले आणि पोचपावती आणली.

निकालाचे पत्र पाच आठवड्यांनी आले. तोवर पट्टी निघाली होती, पण नवा चष्मा यायचा होता. वन्सं म्हणाल्या, "वाचा तुम्हीच."

मी वाचले. निवड झालेली नाही. खाली सरांच्या हस्ताक्षरात चार ओळी होत्या. क्षणभर मनात आले की त्या गाळाव्यात. एकदा वहीतून वाचले होते, दुसऱ्यांदा तसले काही करायची हिंमत झाली नाही. सरांनी लिहिले होते, "वर्गातले तुमचे काम आठवून हे वाचायला घेतले आणि निराशा झाली. सगळी माणसे एकाच तोंडाने बोलतात, तेही पुस्तकी. हा गृहस्थ इतके स्वच्छ बोलू शकतो, तर नोकरी गेल्याचे सांगत का नाही? आणि काकूला ऐकू येत नाही का?"

वन्सं म्हणाल्या, "प्रत आहे ना आपल्याकडे? बारावं पान वाचा."

बाराव्या पानावर जेवणाचा प्रसंग होता. त्या घरात एक काकू होती, माणसाच्या थोरल्या भावाची बायको, सगळ्यांना वाढत असलेली. मी वाचले:

"माणूस: मी आज ऑफिसात एक महत्त्वाची गोष्ट ऐकली, ती तुम्हाला सांगायची आहे. काकू: तुम्ही डबा विसरलात, हे मला माहीत आहे. माणूस: नाही, मला त्यांनी साहेबांच्या खोलीत बोलावून घेतले होते. काकू: त्यांनी तुम्हाला चहा पाजला असेल. आता जेवा."

"आता वहीतलं," वन्सं म्हणाल्या.

वही त्यांच्याच मांडीवर होती. मी उठून घेतली नाही. त्यांनी ती उघडलीही नाही. तोंडपाठ म्हटले:

"माणूस: मी आज ऑफिसात... काकू: ...डबा विसरलात. माहितीये मला. माणूस: नाही, मला त्यांनी... काकू: ...चहा पाजला असेल. जेवा आता."

मी म्हणाले, "वन्सं, मला वाटलं..."

"वाक्य पुरं करा की," त्या म्हणाल्या. एवढाच एक टोमणा त्यांनी मारला.

मग त्याच म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही वहीतून वाचत होतात, ते कळलं होतं मला."

"कसं?"

"वहीचं पान वेगळं वाजतं, सुट्टा कागद वेगळा. डोळा बांधला होता, कान नव्हते बांधले."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, टाइप करायचं राहिलंय तुमचं. बोटं दुखत असतील आणि सांगायला ओशाळं वाटत असेल. म्हटलं, वहिनी रात्रीचा दिवस करतील पण वेळेत देतील. कशाला बोलून दाखवायचं?"

त्यांनी माझी लाज राखायला तोंड बंद ठेवले होते, आणि त्यात त्यांची जागा गेली. आठवडाभर मला घास गेला नाही. त्या मात्र नेहमीसारख्या जेवत होत्या, रेडिओ ऐकत होत्या आणि पटकथेचे नाव काढत नव्हत्या. ते मला आरडाओरड्यापेक्षा वाईट वाटले.

नवव्या दिवशी वन्सं चष्मा आणायला गेल्या होत्या तेव्हा मी ती वही पिशवीत घातली आणि विद्यापीठात गेले. सरांच्या खोलीबाहेर सात-आठ मुले उभी होती. मला आत जाऊन दार लावून घ्यायचे होते, पण त्यांचे दार लागतच नसे. ते खुर्ची सरकवून उघडेच ठेवलेले होते. तेव्हा मी सगळ्यांच्या देखत सांगितले, "चाळीस पानांतली वाक्यं माझी आहेत. त्यांची नाहीत. ही वही बघा."

सरांनी बारावे पान उघडले. वाचता वाचता ते हसले. पुढचे वाचले, पुन्हा हसले, मग चष्मा काढला.

"अहो, ही काकू!" ते म्हणाले. "हिच्यावाचून हा सिनेमाच नाही. बिचारा घरी सांगणार कसा? ही बोलू देईल तर ना! आणि बाई दुष्ट नाही हं. सगळ्यांवर माया आहे तिची. नुसती घाई आहे दुसऱ्यांचं बोलणं संपवायची, कारण तिला..."

"...घरात शांतता झालेली सहन होत नाही," मी म्हणाले.

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे नीट पाहिले.

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"वहिनी."

"अच्छा," ते म्हणाले.

चाळीस पाने मी एकेक अक्षर करून टाइप केली होती. त्या काकूच्या तोंडातले प्रत्येक वाक्य माझ्या बोटांखालून गेले होते. तिने कुणाचेही बोलणे तोडले की मला वाटायचे, काय आगाऊ बाई आहे. ती कोण आहे हे मला त्या उघड्या दारात, सात-आठ पोरांसमोर कळले. मी वही उचलली.

सर म्हणाले, यादी आता बदलता येणार नाही. सहावी जागा दिली ती मुलगी दिवसभर औषधांच्या दुकानात उभी राहून शिकते, तिला काय सांगणार? मात्र वन्संची इच्छा असेल तर पहिले वर्ष पुन्हा करता येईल. मी त्यांना म्हणाले, "असेल हो, त्यांची इच्छा असेलच." कचेरीत जाऊन कोरा अर्जसुद्धा घेऊन आले.

घरी आले तर वन्सं नवा चष्मा लावून टेबलाशी बसल्या होत्या. आणि टेबलावर वही नव्हती. मी पिशवीतून ती काढली, अर्ज काढला, आणि सगळे सांगितले. मला वाटत होते, आता त्यांचा जीव भांड्यात पडेल.

"तुम्ही सरांना दाखवलीत? माझी वही?"

"हो. ते इतके हसले म्हणून सांगू! म्हणाले..."

"कुणाला विचारून?"

मी टेबलावरचा अर्ज उगाच सरळ केला.

"चष्मा आला की मी जाणार होते," वन्सं म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, एक्स्चेंजमध्ये लावायच्या तसा सपाट होता. "काय बोलायचं ते नऊ दिवस मनात जुळवत होते मी. जागा मागायची की नाही, तुमचं नाव घ्यायचं की नाही, पुन्हा बसायचं की हा नाद सोडायचा. माझं मलाच कळत नव्हतं. आणि तुम्ही जाऊन सांगून आलात, माझी इच्छा असेलच म्हणून."

"वन्सं, मी फक्त माझी चूक कबूल करायला..."

"तुमची चूक तुम्ही कबूल केलीत, ते बरं झालं. माझं उत्तर का देऊन आलात? पुन्हा माझं वाक्य तुम्हीच पुरं केलंत, वहिनी."

त्या दिवशी दुपारचा चहा आम्ही आपापल्या खोलीत घेतला. बावन्न वर्षांत असे कधी झाले नव्हते. टायपिंगची लाज एकपट होती, ही दुसरी दुप्पट, कारण ही मी चांगुलपणा समजून केली होती.

पुढच्या सोमवारी त्या एकट्या विद्यापीठात गेल्या. सरांशी काय बोलल्या ते मला सांगितले नाही, मी विचारले नाही. ते न विचारणे मला फार जड गेले. जूनपासून त्या पुन्हा पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊ लागल्या. त्यांनी माझ्याच संगणकावर स्वतः टाइप करायला सुरुवात केली, एका बोटाने. मी स्वयंपाकघरात असायची. एक अक्षर, मग मोठा विराम, मग दुसरे अक्षर. त्या आवाजाने माझी बोटे शिवशिवायची. वर्षभरात त्यांनी मला एकदाच हाक मारली.

"वहिनी, टिंबाचं बटण कुठलं?"

मी दाखवले आणि हात मागे घेतला. "तीनदा दाबा."

"माहितीये," त्या म्हणाल्या.

या वेळच्या चाळीस पानांत त्यांनी दीर्घ तिथे ऱ्हस्व केले असणार, 'आणि' चा णि चुकला असणार. मला एकही पान दाखवले गेले नाही. मेच्या शेवटी पत्र आले. ते त्यांनी स्वतः वाचले, घडी करून चष्म्याच्या घरात ठेवले, आणि जेवताना मीठ मागावे तशा आवाजात म्हणाल्या, "जागा मिळाली."

माझ्या डोळ्यांत पाणी आले. मी काही म्हणणार तेवढ्यात त्यांनी बोट वर केले. "शेवटी एक ओळ आहे. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे." आणि दोघी हसलो. वर्षभरात पहिल्यांदा.

दुसरे वर्ष सुरू झाले की निवडलेले सहाजण आपली पाने वर्गात वाचतात. बाहेरचेही ऐकायला येऊ शकतात. मी विचारले, "मी येऊ?"

"या की. मागं बसा."

मी शेवटच्या रांगेत बसले. वन्संनी दोन खुर्च्या जोडल्या, कागद पसरले आणि वाचायला लागल्या. मी पन्नास वर्षे त्यांचे बोलणे ऐकले होते, पण ते असे ऐकले नव्हते. माणसाचा आवाज वेगळा, मुलीचा वेगळा. प्रत्येकजण काठापर्यंत येऊन थांबत होता. आणि मग काकू आली. वर्ग पहिल्यांदा हसला, मग पुन्हा हसला, मग तो माणूस तिसऱ्यांदा तोंड उघडून मिटतो तिथे कुणी हसले नाही. काकूचा आवाज वन्संनी कुणाची नक्कल करून काढला नव्हता. तशी गरज नव्हती. डब्याचे, चहाचे, 'जेवा आता' चे सगळे शब्द मी ओळखत होते. त्यांतले काही मी त्याच सकाळी वापरले होते.

माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती. ती डोळे पुसत माझ्या कानाशी वाकली. "आजी, ही काकू कुणाच्या तरी घरची खरीखुरी असणार हो. इतकं नुसतं सुचत नाही कुणाला."

तोंडाशी आले होते. तीन शब्दांचे वाक्य होते, कर्ता-क्रियापदासह.

"असतात काही बायका अशा," मी म्हणाले.

मुलीने मान डोलावली आणि पुन्हा पुढे बघू लागली. वन्सं पान उलटण्यासाठी थांबल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून मागच्या रांगेकडे पाहिले. वर्ग लांब होता आणि मी हळू बोलले होते, पण त्यांच्या कानांचे मी काय सांगावे. मी खुर्चीच्या फळीवर कुणीतरी कोरलेले एक नाव वाचत बसले, त्यांनी पुढचे वाचायला सुरुवात करेपर्यंत.